बेक्ड अलास्का म्हणजे ओव्हनमधलं आईस्क्रीम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न, खास आपल्या कोकणातल्यांसाठी

मे महिन्यात चाकरमानी घरी आले की कोणाच्या तरी पोराने मोबाईलवर हा प्रकार बघितलेला असतो आणि मग सुरू, काकू हे करून दे ना. त्यामुळे तेच तेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून सगळी उत्तरं एकाच जागी टाकतेय. आधीच सांगते, नावात बेक्ड असलं तरी यात बेकिंग जेमतेम चार मिनिटांचं, बाकी सगळा खेळ फ्रीझरचा. आणि आपल्याकडे दमट हवा, कधीही जाणारी लाईट आणि मासळीने भरलेला फ्रीझर, त्यामुळे बाहेरच्या रेसिप्या जशाच्या तशा लागू पडत नाहीत.

हे नेमकं असतं तरी काय?

खाली स्पंज केकचा थर, त्यावर कडक गोठवलेलं आईस्क्रीम, आणि वरून, बाजूंनी, सगळीकडून मेरांगचा जाड लेप. मेरांग म्हणजे अंड्याचं पांढरं साखर घालून घट्ट फेटलेला फेस. हे सगळं खूप तापलेल्या ओव्हनमध्ये तीन ते पाच मिनिटं ठेवायचं, फेसाची टोकं ब्राउन झाली की बाहेर काढायचं, कापायचं, खायचं.

पण आईस्क्रीम वितळत कसं नाही हो?

हवेमुळे. फेसात बारीक बारीक बुडबुडे असतात, स्पंज केकमध्येपण तेच, आणि अडकलेल्या हवेतून उष्णता फार हळू पुढे सरकते. पाण्यातून जेवढी जाते त्याच्या वीसेक पट कमी हवेतून जाते. म्हणजे आईस्क्रीमला वरून खालून गोधडीच गुंडाळलेली असते, फक्त आपण ती थंडी आत ठेवायला वापरतो. शिवाय बर्फ वितळायलाच भरपूर उष्णता लागते, त्यामुळे आईस्क्रीम खरंच खडखडीत असेल तर चार मिनिटांत त्याला काही होत नाही. होतं ते भोकांमुळे. लेपात कुठे फट राहिली, विशेषतः खाली जिथे केक टेकतो तिथे, की गरम हवा आत घुसते आणि तिथूनच ओघळ सुरू होतो. म्हणून लेप कमीत कमी दोन अडीच सेंटीमीटर जाड, आणि खाली प्लेटला किंवा पाटाला चिकटवून सीलबंद केलेला हवा.

कोणी शोधलं हे? अलास्काशी काय संबंध?

संबंध एवढाच की अमेरिकेने 1867 मध्ये रशियाकडून अलास्का विकत घेतलं, 72 लाख डॉलरला, आणि न्यूयॉर्कच्या डेल्मोनिकोज हॉटेलचे शेफ चार्ल्स रॅनहोफर यांचा असा एक पदार्थ त्या नावाने ओळखला गेला. त्यांच्या 1894 च्या पुस्तकात तो ‘अलास्का, फ्लोरिडा’ म्हणून आहे. फ्रान्समध्ये याच जातीच्या पदार्थाला नॉर्वेचं ऑम्लेट म्हणतात, आता नॉर्वेचा काय संबंध ते त्यांनाच माहीत. फेसातून उष्णता जात नाही या गोष्टीचं श्रेय बरेच जण काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाला देतात, 1753 ते 1814 हा त्यांचा काळ, उष्णतेवर त्यांनी खरंच भरपूर काम केलेलं.

साधं माप सांगा, आठ जणांचं.

आईस्क्रीम एक लिटर. स्पंज केकचा दीड ते दोन सेंटीमीटर जाड तुकडा, बाऊलच्या तोंडापेक्षा जरासा मोठा. चार अंड्यांचं पांढरं आणि 200 ते 220 ग्रॅम साखर. लिंबाचा रस अर्धा चमचा. गावठी अंडी असतील तर ती लहान असतात, पाच घ्या, किंवा सरळ वजन करा, पांढरं साधारण 120 ग्रॅम भरलं पाहिजे.

आईस्क्रीम जरा सैल झालं की स्टीलच्या खोलगट बाऊलमध्ये आतून क्लिंग फिल्म, म्हणजे अन्न झाकायचं पातळ चिकट प्लास्टिक, लावून दाबून दाबून भरायचं, मध्ये हवेचे खड्डे राहायला नकोत, वर केक ठेवायचा, झाकायचं आणि रात्रभर फ्रीझरमध्ये. दुसऱ्या दिवशी उलटं करायचं की केक खाली आणि घुमट वर. हे आदल्या दिवशीच करायचं. सकाळी केलं आणि दुपारी जेवणानंतर काढलं असं होत नाही, मध्यभाग सैलच राहतो.

आमचा साधा सिंगल डोअर फ्रीज आहे, चालेल का?

चालेल पण नीट ऐका. आईस्क्रीमला उणे 18 च्या आसपास तापमान लागतं आणि सिंगल डोअरमधला वरचा छोटा फ्रीझर तिथपर्यंत जाईलच असं नाही, त्यात बर्फाची जाडी साचलेली असली तर अजूनच बोंब. आदल्या दिवशी डीफ्रॉस्ट करा, थंडावा सगळ्यात जास्तवर ठेवा, आणि एक मोठा घुमट करण्यापेक्षा छोट्या स्टीलच्या वाट्यांमध्ये एकेकाचे वेगळे करा. बोट दाबून बघा, खळगा पडला तर तो अजून तयार नाही, पाहुणे थांबतील.

दुसरा उपाय जुना आहे, पॉटच्या आईस्क्रीमवाला. फोडलेल्या बर्फात खडे मीठ घातलं की तापमान शून्याच्या बरंच खाली जातं, प्रमाण जमलं तर उणे 21 पर्यंत. तीन भाग बर्फ, एक भाग मीठ. बंदराजवळ राहत असाल तर बर्फाच्या कारखान्यातून लादीचा तुकडा मिळतो, तो पोत्यात घालून फोडायचा, घमेल्यात मीठ मारून थर द्यायचे आणि झाकणबंद डबा त्यात पुरायचा. फक्त तो बर्फ मासळीसाठीचा असतो, खाण्याचा नाही, त्यामुळे डब्याच्या आत त्याचा एक थेंबसुद्धा जाता कामा नये.

फ्रीझरमध्ये सुरमई, कोलंबी आणि सोडे आहेत. वास लागेल?

लागणार. आईस्क्रीममध्ये फॅट असतं आणि फॅट वास पटकन धरतं, स्पंज केक तर त्याहून. मासे दोन पिशव्यांत बांधून घट्ट झाकणाच्या डब्यात टाका, सुके सोडे आणि बोंबील त्या दिवशी फ्रीझरच्या बाहेर काढा, त्यांना कोरडी बरणी पुरते. आईस्क्रीमच्या बाऊलला आधी क्लिंग फिल्म, मग वरून झाकण. आणि मासळी आणायचा थर्माकोलचा बॉक्स कितीही धुतला तरी यासाठी वापरू नका, व्हॅनिलाला बांगड्याचा वास आला की पुढे कोणी चमचा उचलत नाही.

मध्येच लाईट गेली तर?

फ्रीझर उघडू नका, बस. बघू या जरा किती वितळलं म्हणून दर दहा मिनिटांनी दार उघडणारा माणूस प्रत्येक घरात असतो, त्याला दुसरं काम द्या. भरलेला फ्रीझर रिकाम्यापेक्षा जास्त वेळ थंड राहतो, म्हणून पावसाळ्यात करणार असाल तर मोकळ्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा. आईस्क्रीम नुसतं कडेला सैल झालं असेल तर परत गोठवून चालतं. पूर्ण पातळ होऊन बराच वेळ तसंच राहिलं असेल तर ते परत गोठवू नका, बर्फाचे खडे होतात ते एक, आणि दुधाचा पदार्थ आहे, पोट बिघडायचं.

ओव्हन किती डिग्री, किती वेळ?

230 ते 250, तुमचा ओटीजी जेवढा जास्त जातो तेवढा. पंधरा ते वीस मिनिटं आधी तापवायचा, लाल लाईट बंद झाली म्हणून लगेच आत टाकू नका. शक्य असेल तर फक्त वरचा रॉड चालू ठेवा. मग तीन ते पाच मिनिटं, आणि या वेळात काचेसमोरून हलायचं नाही, फोन वाजला तरी. तिसऱ्या मिनिटाला फिकट आणि चौथ्याला काळं असंही होतं. कमी तापमानावर जास्त वेळ ठेवायचा मोह होतो, तोच चुकीचा, 180 वर दहा मिनिटं ठेवलंत तर रंग येईपर्यंत आत सार झालेलं असेल.

आणि ट्रेवर थेट ठेवू नका. लोखंडी ट्रे खालून तापतो आणि केकला भाजतो. जुन्या पद्धतीत हे लाकडी फळीवर ठेवून ओव्हनमध्ये सारतात, आपल्याकडे त्याला पोळपाट आहेच. पूर्ण लाकडी, पॉलिश किंवा सनमायका नसलेला, ओव्हनमध्ये मावणारा आणि रॉडला कुठे टेकणार नाही एवढा. वर बटर पेपर, कडेने मेरांगच्या बाहेर येणार नाही असा कापून. सासूबाईंना आधी विचारा मात्र.

मायक्रोवेव्हमध्ये होईल का?

साध्या मायक्रोवेव्हमध्ये अजिबात नाही. तो वरून रंग देत नाही, लहरी आत शिरून पाण्याचा अंश असलेल्या भागालाच तापवतात. याच गोष्टीवर निकोलस कुर्ती नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने 1969 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये गंमत करून दाखवलेली, मायक्रोवेव्ह वापरून याचं बरोबर उलटं केलं, बाहेर थंड आणि आत गरम. कन्व्हेक्शनवाला, म्हणजे गरम हवेने भाजणारा, असेल तर सगळ्यात जास्त तापमानावर, नीट तापवून, जमून जातं.

कढईत मीठ घालून केक करतो तसं?

नाही. उष्णता खालून येते आणि आपल्याला हवी वरून. केक करपेल, आईस्क्रीमचं दूध होईल आणि फेस पांढराफटक राहील.

गावच्या घरी ओव्हनच नाही, चूल आहे.

हा प्रश्न मला आवडतो कारण वरून उष्णता द्यायची अक्कल आपल्याकडे आधीपासून आहे, धोंडस करताना झाकणावर निखारे ठेवतातच की. पण धोंडसाला तासभर मिळतो, इथे चार मिनिटं. झाकण आधीच भरपूर तापवून घेतलं आणि खाली विस्तव शून्य ठेवला तरी रंग एकसारखा येत नाही, राखही पडते. त्यापेक्षा लोखंडी उलथनं चुलीत लाल होईपर्यंत तापवा आणि फेसाच्या अगदी जवळून, न टेकवता फिरवा. युरोपातल्या जुन्या स्वयंपाकघरांत हेच करायचे, तापवलेली लोखंडी चकती पदार्थावर धरायचे. दोन उलथनी आलटून पालटून घ्या, एक लवकर निवतं. छोट्या वाटीएवढ्या अलास्काला हे मस्त जमतं, मोठ्याला कंटाळा येतो.

पाववाल्याच्या भट्टीत टाकू का असंही विचारतात. भट्टी उत्तम तापलेली असते, प्रश्न घरातून भट्टीपर्यंत स्कूटरवरून नेण्याचा आहे.

गॅस टॉर्च घेऊ का मग?

खरं सांगू, घ्या. वर्षातून दोनदा करणाऱ्याला नको, पण नेहमी करणार असाल तर कोकणात ओव्हनपेक्षा टॉर्चच बरा. लाईट गेली तरी चालतो, दुसऱ्याच्या घरी नेऊन तिथे करता येतं आणि आईस्क्रीमपर्यंत उष्णता कमी पोचते. दहा-पंधरा सेंटीमीटर लांबून, सतत हलता हात. पंखा बंद, समुद्राकडची खिडकी बंद, नाहीतर ज्योत फरफटते आणि एकाच बाजूला काळं होतं. पदर, ओढणी खोचून घ्या.

मेरांग फुगतच नाही, पाणीच राहतं.

तेल. दहापैकी नऊ वेळा तेल. आपल्या हाताला खोबरेल असतं, पातेल्याला मघाच्या फोडणीचा ओशटपणा असतो, किंवा पिवळ्याचा थेंब पडलेला असतो, आणि तेवढंसं फॅटसुद्धा फेस धरू देत नाही. प्लास्टिकचं भांडं घेऊच नका, ते घासून पण तेलकट राहतं. स्टीलचं पातेलं आणि बीटरची पाती लिंबाच्या फोडीने पुसा, कोरडी करा. अंडी फ्रीजमधून काढल्या काढल्या फोडा, तेव्हा पिवळं सहज वेगळं होतं, आणि पांढरं अर्धा तास बाहेर ठेवून मग फेटा. प्रत्येक अंडं आधी वेगळ्या वाटीत फोडायचं, शेवटचं अंडं खराब निघालं तर सगळं जायला नको.

कच्चं अंडं पोटात जातं का यात?

चांगला प्रश्न, आणि फार कमी लोक विचारतात. ओव्हनमध्ये जाऊन आलं म्हणजे शिजलं असं नाही. तीन-चार मिनिटांत फक्त वरची कातडी भाजते, आतला फेस जवळजवळ कच्चाच. म्हणून नुसतं पांढरं आणि साखर फेटायची साधी पद्धत मी घरात लहान मुलं, म्हातारी माणसं किंवा गरोदर बाई असेल तर सांगतच नाही.

स्विस पद्धत करा. पांढरं, साखर आणि लिंबाचा रस पातेल्यात घ्या, ते पातेलं उकळी फुटलेल्या मंद पाण्यावर धरा, तळ पाण्याला लागू देऊ नका, आणि थांबू नका, हलवत राहा, थांबलात की कडेला ऑम्लेट होतं. 71 डिग्री झालं की उतरवा, साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू त्या तापमानाला मरतो. स्वस्तातला किचन थर्मामीटर घ्या, अंदाजावर हे सोडू नका. दोन बोटांत चोळून बघा, साखर रवाळ लागायला नको. मग उतरवून आठ-दहा मिनिटं फेटा, चमकदार, घट्ट, पातेलं उपडं केलं तरी न हलणारं होतं. आणि पूर्ण गार झाल्याशिवाय आईस्क्रीमला लावायचं नाही, पातेल्याच्या बाहेरून हात लावून बघा.

इटालियन पद्धतीत 115 ते 118 डिग्रीचा साखरेचा पाक फेटत फेटत ओततात. ते सगळ्यात टिकाऊ, पण एका हाताने पाक आणि दुसऱ्या हाताने बीटर हे पहिल्यांदा करणाऱ्याने करू नये.

साखर पिठी घेऊ की साधी?

साधी साखर मिक्सरला एक-दोन वेळा फिरवून घ्या. आपल्याकडच्या साखरेचे दाणे मोठे, ते विरघळत नाहीत आणि मग मेरांगवर पाकाचे थेंब फुटतात. पॅकेटमधल्या आयसिंग शुगरमध्ये बहुतेकदा कॉर्नफ्लोर असतं, ती इथे नको.

पावसाळ्यात मेरांग जमतं का आपल्याकडे?

कुरकुरीत कोरड्या मेरांगच्या गोळ्या जुलैत नाही जमत, साखर हवेतलं पाणी ओढते आणि संध्याकाळपर्यंत त्या चिकट होतात. पण इथे मेरांग मऊच हवं आणि लगेच खायचंय, त्यामुळे ती अडचण जवळजवळ नाहीच.

अडचण दुसरीकडे आहे. आईस्क्रीमचा घुमट फ्रीझरमधून काढला की आपल्या दमट हवेत दोन मिनिटांत त्याला घाम फुटतो, आणि त्या ओल्या पृष्ठभागावरून मेरांग घसरतं. बाजूने बघितलं तर लेप हळूहळू खाली बसताना दिसतो. म्हणून मेरांग आधी पूर्ण तयार, मगच घुमट बाहेर. उलटा केला, क्लिंग फिल्म काढली, की वर केकचा चुरा किंवा बारीक काजूचा चुरा दाबून भुरभुरायचा, त्याने पकड येते आणि पाणीपण शोषलं जातं. पटापट लेप, चमच्याच्या पाठीने टोकं काढायची, आणि परत फ्रीझरमध्ये अर्धा तास. स्विस मेरांग असेल तर असा लेप लावून सकाळी ठेवलं आणि संध्याकाळी भाजलं तरी चालतं.

हापूसचं आईस्क्रीम वापरायचंय, घरचं.

वापरा ना, रत्नागिरी-देवगडच्या माणसाने मेमध्ये व्हॅनिला आणायचं म्हणजे कमालच. फक्त दोन गोष्टी. आंब्याच्या रसात पाणी भरपूर, ते गोठून खडे होतात, म्हणून रस जाड बुडाच्या कढईत थोडा आटवून, गार करून घाला. आणि कंडेन्स्ड मिल्क ओतू नका डोळे झाकून, साखर जितकी जास्त तितकं आईस्क्रीम मऊ राहतं, खायला छान पण ओव्हनमध्ये टिकत नाही. पॅकेटमधलं 25 टक्के फॅटचं फ्रेश क्रीम फेटून घट्ट होत नाही, व्हिपिंग क्रीमच लागतं.

शहाळ्याचं आईस्क्रीम झकास लागतं. कोकम सॉर्बे पण सुंदर, आंबट थंड गोळा आणि वर गोड गरम फेस, पण त्यात फॅट नसल्याने ते लवकर सुटतं, म्हणून मधोमध कोकम आणि भोवती व्हॅनिला असं भरा. आगळ वापरू नका हं, त्यात मीठ असतं, सरबताचा गोड कोकम घ्या.

दुकानातलं आणणार असाल तर पॅकेटवर वाचा, आईस्क्रीम लिहिलंय की फ्रोझन डेझर्ट. दुसऱ्यात दुधाच्या फॅटच्या जागी वनस्पती तेल असतं. या कामाला ते चालतं, चवीचं तुमचं तुम्ही ठरवा.

केकच्या जागी सांदण किंवा धोंडस?

कल्पना गोड आहे पण सांदण तांदळाचं, फ्रीझरमध्ये कडक आणि रवाळ होतं, चमचा जात नाही. धोंडस त्यापेक्षा बरं, गूळ आणि खोबऱ्यामुळे जरा मऊ राहतं, पातळ कापून शहाळ्याच्या आईस्क्रीमखाली घाला. पण ते भरीव असतं, स्पंजसारखी हवा त्यात नाही, त्यामुळे खालून संरक्षण कमी. धोंडस घालणार तर टॉर्चनेच भाजा.

गणपतीत करायचंय, अंडं चालणार नाही.

काबुली चणे शिजवलेलं पाणी, ज्याला ॲक्वाफाबा म्हणतात. मीठ न घालता शिजवा, ते पाणी आटवून जरा बुळबुळीत दाट करा, फ्रीजमध्ये गार करा. दोन मोठे चमचे म्हणजे एका अंड्याचं पांढरं. लिंबू घालून पंधरा मिनिटं तरी फेटावं लागतं, हाताने होणार नाही, इलेक्ट्रिक बीटरच हवा. साखर घातली की चण्याचा वास जवळजवळ जातो. पण हे अंड्यासारखं उष्णतेने घट्ट बसत नाही, ओव्हनमध्ये ढासळू शकतं, टॉर्चने हलक्या हाताने रंग द्या आणि लगेच वाढा. केकपण बिनअंड्याचा घ्यायचाय हे विसरू नका, तिथेच सगळे फसतात.

रम ओतून पेटवतात तसं करू?

करायचं तर अंड्याचं अर्धं कवच धुऊन वर टोकात खोचून ठेवा, त्यात दोन चमचे कोमट केलेली रम, लांब काडीने पेटवा. बाटलीतून थेट ओतायचं नाही, ज्योत बाटलीत चढते. पडदे, माळा, मखर यांपासून लांब. चव फारशी बदलत नाही, फोटो मात्र येतो.

कापताना चुरा होतो.

मोठी सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्या, प्रत्येक तुकड्याला परत. एकदम कडक असेल तर भाजल्यावर तीन-चार मिनिटं थांबा.

उरलं तर?

फ्रीझरमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी मेरांग चिवट होतं पण खाता येतं. परत भाजू नका. उरलेल्या पिवळ्यांचं कस्टर्ड करा, आणि त्याचंच पुढच्या वेळचं आईस्क्रीम लावलंत तर आदल्या दिवसाचं कामही झालं.